वाचनालयाच्या नव्या कारभाऱ्यांनी आधी देवघेवीच्या टेबलापाशी बसावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या भागातील वाचनालयात नुकतेच नवे कार्यकारी मंडळ निवडून आले आणि त्याच सुमारास नवे ग्रंथपालही रुजू झाले. त्यांच्या स्वागताच्या छोट्या कार्यक्रमाला मी सभासद म्हणून हजर होतो. चहापूर्वीच्या अर्ध्या तासात वातानुकूलित अभ्यासिका, पाथर्डी फाट्याकडे एक शाखा, सर्व जुन्या ग्रंथांचे स्कॅनिंग, मोबाइलवरून पुस्तक राखून ठेवण्याची सोय आणि मुलांसाठी स्वतंत्र दालन अशा पाच गोष्टी जाहीर झाल्या. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. घरी परतताना मात्र लक्षात आले, की या पाचांपैकी आधी कोणती, कोणत्या वाचकासाठी, कोणत्या पैशांतून आणि सध्याचे कोणते काम कमी करून, याबद्दल कोणी अवाक्षरही काढले नव्हते. ही मंडळी उत्साही आहेत, प्रामाणिक आहेत, म्हणूनच त्यांच्यापुढे आणि शहरातील अशाच इतर नव्या कारभाऱ्यांपुढे काही गोष्टी मांडाव्यात असे वाटले. मी सत्तावीस वर्षे एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि निवृत्तीनंतर एका सार्वजनिक वाचनालयाचा एक मुदत कार्यवाह होतो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे स्वतःच्या चुकांवरून लिहितो आहे. पत्र लांबेल, आपण कात्री लावलीत तरी तक्रार नाही.

नाशिकला वाचनालयाचे प्रेम शिकवावे लागत नाही. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, म्हणजे पुण्याच्या नगर वाचन मंदिरापेक्षाही आठ वर्षांनी जुने. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात १९४२, २००५ आणि २०२१ असे तीनदा भरले आणि ज्यांचा जन्मदिवस आपण २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो, ते कुसुमाग्रज याच गावात राहिले. इतका वारसा असलेल्या गावात वाचनालयातील पदाला मान असणारच. येथे वाचनालयाच्या निवडणुकाही पॅनेल करून, जाहीरनामे छापून लढवल्या जातात. त्याची एक बाजू मात्र अशी, की निवडून येण्यासाठी जे बोलून गेलो त्यालाच पुढे धोरण म्हणण्याची सवय लागते. निर्णय व्यासपीठावर जन्मतो आणि देवघेवीच्या टेबलापर्यंत, म्हणजे वाचक जेथे पुस्तक परत करून दुसरे मागतो तेथपर्यंत, तो पोहोचतो तेव्हा त्यावरचा खर्च होऊन गेलेला असतो.

माझी सूचना साधी आहे. नव्या पदाधिकाऱ्यांनी आणि ग्रंथपालांनी पहिले तीन महिने नवे काहीही जाहीर न करता आळीपाळीने या टेबलापाशी बसावे, आणि त्यानंतर जो मोठा निर्णय घ्यायचा तो कारणांसह लिहून ठेवावा. तसेही पहिले तीन महिने धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची माहिती, दाखल करणे, बँकेतील सह्या बदलणे, जुन्या मंडळाकडून कपाटांच्या किल्ल्या मिळवणे यातच जातात. या काळात घोषणा थांबल्या तर कोणाचे नुकसान होत नाही.

हे सोपे वाटते, पण आपल्या वाचनालयांचे वर्ष पैशाच्या चालीवर चालते आणि ती चाल घाईची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. काही राज्यांनी बसवला तसा ग्रंथालय कर आपल्याकडे बसवला गेला नाही. वाचनालये स्थानिक संस्थांनी चालवायची आणि शासनाने परिरक्षण अनुदान, म्हणजे चालू खर्चासाठी मदत, द्यायचे, अशी रचना झाली. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास अशा निकषांवर वाचनालयाचा अ, ब, क किंवा ड वर्ग ठरतो आणि वर्गावरून अनुदानाची रक्कम. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली, तरी कर्मचाऱ्यांचे वेतन, वीजबिल आणि वर्तमानपत्रांची बिले भागवल्यावर ग्रंथखरेदीसाठी उरणारी रक्कम मोजकीच असते. तीही हप्त्यांनी येते. शेवटचा हप्ता खात्यात जमा होईपर्यंत फेब्रुवारी उलटतो आणि ३१ मार्चपूर्वी खर्च दाखवावा लागतो. मग पुरवठादाराची छापील यादी येते, सवलत ठरते, चार दिवसांत गठ्ठे येतात आणि दाखलनोंदवहीत, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक नोंदवण्याच्या वहीत, चढतात. ग्रंथ निवड समितीची सभा इतिवृत्तात असते. प्रत्यक्षात ती कधीकधी जिन्यातच पार पडते. ही पुस्तके कोणी मागितली होती, हे विचारायला वेळ उरत नाही. नव्या मंडळाला यावर मोठा उपाय करावा लागणार नाही. खरेदीची यादी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कोणतीही घाई नसताना, पसंतीक्रम लावून तयार ठेवली तर मार्चमध्ये फक्त मागणीपत्र द्यायचे राहते. एवढ्या एका बदलाने वर्षभराच्या खरेदीचा कस बदलतो, हे मी महाविद्यालयात अनुभवले आहे.

वाचनालयात मात्र मी स्वतःच हे विसरलो. कार्यवाह असताना अशाच एका मार्चमध्ये काही रक्कम शिल्लक होती आणि एका स्थानिक संगणक व्यावसायिकाने ग्रंथालयाची प्रणाली बसवून देण्याचा प्रस्ताव आणला. किंमत आमच्या शिल्लक रकमेइतकीच निघाली, यातच काय ते समजायला हवे होते. मंडळाच्या सभेत एका सदस्यांनी, त्या निवृत्त शिक्षिका होत्या, विचारले, "उद्या या माणसाने दुकान बंद केलं तर आपल्या नोंदी आपल्याला परत कशा मिळणार?" मी अध्यक्षांकडे पाहून हसलो आणि पुढचा विषय घेतला. बाईंचा प्रश्न इतिवृत्तातही आला नाही, कारण इतिवृत्त मीच लिहीत होतो.

पुढची दोन वर्षे सुट्टीतली महाविद्यालयीन मुले नोंदी भरत होती. त्यांना तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी एकाच ठरलेल्या पद्धतीने करणे, कोणी शिकवले नव्हते, त्यामुळे एकाच लेखकाच्या नावाची चार रूपे तयार झाली. कवितासंग्रह मागितला की 'कुसुमाग्रज' येत आणि नाटक मागितले की 'शिरवाडकर वि. वा.', 'वि. वा. शिरवाडकर' आणि 'शिरवाडकर' असे तीन वेगळे गृहस्थ येत; या चौघांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे नाशिकच्याच एका वाचनालयातील संगणकाला ठाऊक नव्हते. तिसऱ्या वर्षी संगणक बिघडला. व्यावसायिकाचा फोन लागेना. राखून ठेवलेली प्रत मिळाली, पण ती त्याच्याच प्रणालीत उघडणारी होती. शेवटी नोंदी पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागल्या आणि त्या ज्या दाखलनोंदवहीवरून केल्या तिच्यातली १९६० च्या दशकातली निळी शाई अजून स्वच्छ वाचता येत होती.

त्या वेळी पर्याय नव्हते असे नाही. न्यूझीलंडमधील एका लहान गावच्या ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि जानेवारी २००० पासून वापरात आलेली 'कोहा' ही प्रणाली कोणालाही विनामूल्य घेता येत होती, आणि आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली होती. दोन्हींतील नोंदी ठरावीक सर्वमान्य साच्यात बाहेर काढता येतात. पण माझी खरी चूक चुकीची प्रणाली निवडण्याची नव्हती, तशी चूक कोणाचीही होते. मागे फिरण्याचा रस्ता आहे की नाही हे न पाहता मी निर्णय घेतला आणि ज्यांनी ते पाहिले त्यांचा प्रश्न कागदावरून पुसला, ही चूक मोठी. नव्या ग्रंथपालांनी कोणताही करार करण्यापूर्वी आमच्या बाईंचा तो प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

शाखा, अभ्यासिका, खरेदी या सगळ्यांना हीच कसोटी लावता येते. काही निर्णय सहा महिन्यांनी मोडले तरी फारसे बिघडत नाही; काही एकदा घेतले की पुढची तीन मंडळे ते ओढत राहतात. पहिल्या प्रकारचे निर्णय झटपट घ्यावेत, करून पाहावेत. दुसऱ्या प्रकारच्या निर्णयांना दोन सभा लागल्या तरी लागू द्याव्यात. आपल्याकडे नेमके उलटे घडते. वर्तमानपत्रांचे टेबल खिडकीजवळ सरकवावे की नाही यावर तासभर चर्चा होते आणि दहा वर्षांच्या भाडेकराराला 'सर्वानुमते मंजूर' म्हणून दोन मिनिटांत मान्यता मिळते.

शाखेचेच घ्या. शहर सिडको, इंदिरानगर, म्हसरूळ, आडगावपर्यंत पसरले आहे आणि जुनी वाचनालये गावठाणात किंवा त्याच्या आसपास आहेत. सत्तरी ओलांडलेला वाचक रविवार कारंज्याच्या गर्दीतून पिशवीत दोन पुस्तके घेऊन येणार नाही, आणि २०२७ च्या सिंहस्थाची कामे सुरू असताना तर त्याहूनही नाही. म्हणून शाखा हवी, हा विचार चुकीचा नाही. पण शाखा म्हणजे जागा, भाडे, एक कर्मचारी आणि स्वतंत्र ग्रंथसंग्रह. ती एकदा उघडली की बंद करणे मानाला लागते. पुस्तकांची पेटी मात्र मागे घेता येते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात अमेरिकेहून आलेले ग्रंथपाल बॉर्डन यांच्या हाताखाली ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले, तेव्हा गावोगाव फिरत्या पेट्या पाठवण्याचा मार्ग त्यांनी वापरला होता. आणि इतके लांब कशाला जायचे, आपल्याच शहरातील कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात २००९ पासून शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आहे, आणि ती पार परदेशातील मराठी माणसांपर्यंत पोहोचली. नव्या मंडळाने पाथर्डी फाट्याच्या दोन सोसायट्यांत आणि एका ज्येष्ठ नागरिक संघात वर्षभर पेट्या ठेवून पाहाव्यात. कोणत्या पेटीतली पुस्तके फिरली, कोणत्या पेटीवर धूळ बसली, हे कळले की शाखा कोठे काढावी आणि काढावी की नाही, याचे उत्तर भाडे न भरता मिळेल.

टेबलापाशी बसण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. मी कार्यवाह असताना देवघेव विभागात एक ताई होत्या. अत्यल्प मानधनावर त्यांनी आयुष्याची वीस वर्षे त्या टेबलामागे काढली होती. त्यांच्या खणात एका बँकेची जुनी डायरी असे आणि वाचकाने मागितलेले पण आपल्याकडे नसलेले पुस्तक त्या डायरीत लिहीत. तेच पुन्हा कोणी मागितले तर पुढे एक उभी रेघ मारत. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि माझ्या मुदतीच्या शेवटच्या वर्षापर्यंत मला त्याचा पत्ताही नव्हता. ज्या दिवशी कळले त्या दिवशी मी ती डायरी घरी आणून रात्रभर वाचली. आम्ही ज्या जाडजूड चरित्रग्रंथांवर पैसे घालत होतो त्यांच्यासाठी एकही रेघ नव्हती. सर्वांत जास्त रेघा होत्या त्या मुलांसाठी मराठीत लिहिलेल्या विज्ञानाच्या पुस्तकांपुढे, त्याखालोखाल मधुमेह आणि गुडघेदुखीवरच्या पुस्तकांपुढे, आणि एका पानावर, मला अजून आठवते, "द्राक्षबागेवरचं नवीन काही" असे लिहून सात रेघा मारलेल्या होत्या. नाशिक जिल्ह्यातील वाचनालयाला हे डायरीतून कळावे, याची मला लाज वाटली. "मला का नाही दाखवलंत?" असे मी ताईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "सर, विचारलं नाही ना कोणी."

पुस्तकांच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारीखचिठ्ठीही हेच सांगते. एक कप्पा निवडावा, त्यातले प्रत्येक पुस्तक मागून उघडावे आणि शेवटचा शिक्का पाहावा. मी पाहिलेल्या एका कप्प्यात बहुतेक पुस्तकांवरचा शेवटचा शिक्का मागच्या शतकातला होता आणि त्याच कप्प्यातील एका पातळशा प्रवासवर्णनाला शिक्क्यांसाठी दुसरी चिठ्ठी जोडावी लागली होती. आता संगणकावर हीच माहिती दोन मिनिटांत निघते; गेल्या पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी काढायला फक्त कोणीतरी सांगावे लागते.

ही यादी हाती आली की ज्या प्रश्नाला सगळे बगल देतात तो समोर येतो, तो म्हणजे निर्लेखनाचा, जुनी निरुपयोगी पुस्तके संग्रहातून रीतसर काढून टाकण्याचा. अनुदानाचा वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते, त्यामुळे पुस्तक कमी करणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे, असा समज आहे. परिणामी १९९० च्या दशकातील आयकराची मार्गदर्शके, रद्द झालेल्या अभ्यासक्रमांची गाइडे आणि आज कोणत्याही यंत्रावर न चालणाऱ्या संगणकप्रणालींची पुस्तके कपाटात मानाने बसतात आणि या वर्षीची नवी पुस्तके खाली गठ्ठ्यात राहतात. वाचकाला कपाट भरलेले दिसते आणि हवे ते मिळत नाही. वाळवीला मात्र सगळे मिळते. वर्गासाठी लागणाऱ्या संख्येच्या वर आपली संख्या किती आहे ते आधी पाहावे. बहुतेक जुन्या वाचनालयांत पुरेशी सवड निघते. मग यादी, तज्ज्ञ समितीची पाहणी, मंडळाचा ठराव, दाखलनोंदवहीतील शेरा या रीतीने आणि ग्रंथालय खात्याचे नियम पाळून दरवर्षी थोडे थोडे निर्लेखन करावे. एकाच वेळी मोठी साफसफाई काढू नये, कारण त्या घाईत रद्दीवाल्याकडे जाते ते नेमके परत न मिळणारे. स्थानिक इतिहास, जुन्या नियतकालिकांचे संच आणि स्वातंत्र्यापूर्वी छापलेली पुस्तके यांना हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

स्कॅनिंगच्या घोषणेला येथेच एक पुरवणी जोडतो. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, तेव्हा "सर्व जुने ग्रंथ" महाजालावर ठेवता येणार नाहीत. आणि ज्यांचा हक्क संपला आहे त्यांतील पुष्कळ ग्रंथ इतरांनी आधीच स्कॅन केलेले आहेत. इतरत्र नसलेले, आपल्याकडेच असलेले कोणते, ही यादी आधी करावी. ती बरीच लहान निघेल आणि तेवढ्यासाठी पैसेही पुरतील.

अभ्यासिकेविषयी लिहिताना मला जपून लिहावे लागते, कारण येथे आमच्या पिढीचे मत फार लवकर कडवट होते. सकाळी सहा वाजता शटर उघडण्याची वाट पाहत उभी असलेली मुले दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून आलेली असतात, चौघांत एक खोली घेऊन राहतात आणि स्पर्धा परीक्षेच्या झेरॉक्स नोट्स, पाण्याची बाटली आणि चार्जर घेऊन रात्रीपर्यंत बसतात. त्यांचे मासिक शुल्क हे अनेक वाचनालयांचे आज सर्वांत खात्रीचे उत्पन्न आहे. ती वाचनालयाचे एकही पुस्तक नेत नाहीत, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आणि केलीही. पण त्यांना आम्ही फक्त खुर्ची विकली, पुस्तक नेण्याचा हक्क त्या शुल्कात दिलाच नाही, हा दोष कोणाचा? अभ्यासिकेच्या शुल्कातच एका पुस्तकाची देवघेव जोडून सहा महिने पाहावे. हा मागे घेता येण्यासारखा निर्णय आहे.

मागे न घेता येण्यासारखा आहे तो जागेचा. अभ्यासिकेच्या वीस खुर्च्या वाढवायच्या म्हणून बालविभाग वरच्या मजल्यावर गेला आणि वर्तमानपत्रांचे टेबल बोळात आले, असे मी एके ठिकाणी पाहिले आहे. जिना चढून आजोबा नातवाला घेऊन वर जात नाहीत. दोघेही येणे बंद करतात, आणि न आलेल्या वाचकाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. माझे स्पष्ट मत असे, की तळमजला मुलांचा आणि ज्येष्ठांचा असावा आणि ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी जिना चढावा. कोणाला हे पटणार नाही. त्यांनी दोन आठवडे दर तासाला कोणत्या दालनात किती माणसे बसली आहेत हे मोजून दाखवावे. आकडे माझ्याविरुद्ध गेले तर मी मत बदलेन.

आपल्या ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक डॉ. रंगनाथन यांची गोष्ट नव्या ग्रंथपालांना माहीत असेलच, पण कार्यकारी मंडळातील सर्वांना ती माहीत असेल असे नाही. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ते गणिताचे अध्यापक होते. काम इतके कंटाळवाणे वाटले, की काही दिवसांतच ते जुनी नोकरी परत मागायला गेले. त्यांना विलायतेला पाठवले गेले आणि तेथे त्यांनी अभ्यासक्रमाबरोबरच अनेक ग्रंथालये फिरून, लोक ती कशी वापरतात हे पाहिले. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे 'वाचकाचा वेळ वाचवा' हे आहे. मला ते निर्णयाची चाळणी म्हणून फार उपयोगी वाटत आले आहे. जाहीर झालेल्या पाच गोष्टींना ते लावून पाहा: मोबाइलवरून पुस्तक राखून ठेवण्याची सोय लगेच वर येते, कारण सिडकोहून आलेला वाचक हात हलवत परत जाणे त्याने थांबते, वातानुकूलन पुष्कळ खाली जाते.

आता लिहून ठेवण्याविषयी. मी कार्यवाहपद सोडले तेव्हा माझ्या जागी आलेल्या गृहस्थांना किल्ल्या, चेकबुक, शिक्के आणि फायलींची यादी दिली. बालविभागाची वेळ आम्ही का बदलली, एका देणगीदाराचे चार कपाटे पुस्तके घेण्यास नकार का दिला, एक नियतकालिक का बंद केले, यातले काहीच कोठे लिहिलेले नव्हते. इतिवृत्तात फक्त 'ठराव मंजूर' होते. नव्या मंडळाने वर्षभरात यातले बहुतेक उलटे केले. कपाटे आली, त्यांवर स्मरणार्थाच्या पाट्या लागल्या, आणि त्यांतील दोन कपाटांच्या किल्ल्या आज कोणाकडे आहेत हे कोणी सांगू शकत नाही. मी त्या गृहस्थांना दोष देत नाही. कारणे हाती नसलेला माणूस दुसरे काय करणार? म्हणून प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी एक पानभर टिपण असावे. निर्णय कोणत्या वाचकासाठी, त्यासाठी कोणते काम किंवा खर्च कमी केला, विरोधात कोणी काय म्हणाले, काय दिसले तर आपण चुकलो असे मानायचे, आणि कोणत्या महिन्यात पुन्हा पाहायचे, एवढे त्यात आले तरी पुरे. विरोधी मत नोंदवण्यात मंडळाचा कमीपणा नाही. आमच्या बाईंचा प्रश्न इतिवृत्तात असता तर निदान दुसऱ्या वर्षी कोणीतरी तो पुन्हा वाचला असता.

आमच्या वाचनालयाची सर्वसाधारण सभा लवकरच आहे. मी सभासद म्हणून कार्यालयात लेखी प्रश्न दिला आहे: गेल्या वर्षभरात वाचकांनी मागितलेली आणि न मिळालेली पुस्तके कोणती, आणि जाहीर केलेल्या पाच कामांपैकी कोणते काम त्यांतल्या कोणत्या मागणीला उत्तर देते? त्याची पोच मला मिळाली आहे. प्रश्न देऊन बाहेर पडताना देवघेवीच्या टेबलामागे सध्या बसणाऱ्या मुलीला मी सहज विचारले, की नाही म्हणून परत पाठवलेल्या पुस्तकांची नोंद कोठे ठेवता. तिने खण उघडून एक शंभर पानी वही दाखवली. अर्धी भरली होती.

कळावे,
आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल व सभासद,
इंदिरानगर, नाशिक